आडवं होता येत नाही

बाबा, परवा आईच्या छातीची सोनोग्राफी झाली. लाखांदूरहून तिला आमच्याकडे भंडाऱ्याला आणल्यापासून पाहते, पहाटे भिंतीला टेकून बसलेली, हातात माळ. मला बरं वाटायचं, तुमचंच वळण आलं म्हणून. तुम्हीही शेवटच्या वर्षी धानाच्या कोठीला टेकून रात्रभर नाम घेत बसायचे, आणि गाव म्हणायचं, भक्ती असावी तर अशी.

परवा सकाळी मी पूजेला बसतेय, तर आईच्या तोंडून धड वाक्य निघेना. ओठ काळपट, छातीत घरघर. ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंना मी म्हटलं, "अशक्तपणा आला मॅडम, एक सलाईन लावून द्या." त्या म्हणाल्या, "आधी आत काय आहे ते पाहू द्या," आणि खाटेजवळ चाकावरचं लहानसं मशीन ओढलं, छातीला थंड जेल लावलं. तेवढ्या दमातही आई म्हणते, "सोनोग्राफी? मले का दिवस गेले आता?" नर्स तोंड फिरवून हसली. पडद्यावर पांढऱ्या रेघा खाली उतरत होत्या, ओल्या भिंतीवरून पाणी ओघळावं तशा. बाई म्हणाल्या, "हृदयाचा जोर कमी पडतोय, फुफ्फुसात पाणी साठलंय. सलाईनने ते वाढलं असतं." ऑक्सिजन लावला, पाणी उतरायला लघवीचं इंजेक्शन दिलं. दुपारपर्यंत आईची धाप बसली.

मग बाईंनी विचारलं, "आजी, आडवं झोपता येतं का?"

"नाही जी. आडवी झाली का जीव गुदमरते. मंग बसल्या बसल्या नाव घेतो."

बाई गेल्यावर मी हळूच विचारलं, "आई, बाबाले बी असंच होत होतं का वं?"

"तुह्या बापाले तं पाठ टेकवताच येत नोती," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "पण थे नाव खोटं नोते घेत."

खोटं नसालच घेत, बाबा. देवाला ते पोचलंही असेल. पण आम्ही सगळे तुमच्या पाया पडून जायचो, आणि काहून बसता म्हणून कुणी विचारलं नाही. तुम्हीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी तेव्हा आत पाहणारं कोण होतं, असं मी मनाला समजावते.

आई आता उशा लावून झोपते. हे लिहिलेलं मी तिला वाचून दाखवणार नाही. सुट्टी देताना पथ्यपाणी सांगून बाई म्हणाल्या, आणखी काही विचारायचंय का? तेव्हा असं मशीन असतं तर बाबा राहिले असते का, हे अगदी ओठावर आलं होतं. मी विचारलं, वरणात मीठ किती घालू.