दुन्याची भाकरी

रविवार, २२ सप्टेंबर
बस्मलाला घातलं शेवटी त्याच शाळेत. दुसरी जवळ नाहीच. भिंतीवर काचा लावल्यात — चोरांसाठी नाही, मुली उड्या मारून पळतात म्हणून! नवरा, रिफाई, म्हणतो, "घरी बसव पोरीला. तुझ्याबरोबर मासे साफ करील." मासे साफ करायला काय अक्कल लागते? मला चौथीतून काढलं, तेव्हापासून तेच करतेय. म्हटलं, तू तुझी ट्राम चालव. बस्मला शाळेत जाणार.

मंगळवार, २४
बस्मला डोक्याचा फाटका रुमाल घेऊन घरी आली. दुन्या म्हणून कोणी नववीतली आहे. सगळ्या अलेक्झांड्रियात तिच्याएवढी दांडगी नसेल. मधल्या सुट्टीत दिसेल तिची भाकरी हिसकावते. रिफाई म्हणाला, "आणखी एकदा असं झालं की नाव काढायचं." मी भांडी आपटली.

बुधवार
मुख्याध्यापिकेला भेटले. चहा पीत होत्या.
"बस्मलाच्या आई, मुली आहेत. भांडणारच."
"आणि तुम्ही काय करणार?"
"मी? मी जूनमध्ये निवृत्त होणार."

शनिवार
आमची आई म्हणायची, ज्याच्या पोटात आपली भाकरी न् मीठ गेलं, त्याचा हात आपल्यावर उठत नाही. चोरसुद्धा खाल्ल्या मिठाला जागतो. बघू या.

रविवार, २९
दोन भाकऱ्या भरून दिल्या. तामियाचे वडे, खारवलेलं वांगं. बस्मला रडायला लागली — "ती मला मारते, आणि मी तिला खायला घालू?" घाल म्हटलं. आणि समोर बसून खा.

सोमवार
खाल्ली. म्हणे, वांगं कमी आहे. सटवी!

गुरुवार, ३ ऑक्टोबर
रुमाल शाबूत. कोणी तरी बस्मलाची वेणी ओढली, तर दुन्याने तिचा बूट छपरावर फेकला. रिफाईला सांगितलं. मिशीत हसला, आणि नाव काढायचं बोलला नाही.

रविवार, १३
शाळेतून बोलावणं. मला वाटलं, पोरीचं हाड मोडलं. तसं काही नाही. दुन्याने मारामारी केली, तिला शाळेतून काढत होते. आमची बया दारात आडवी! "आमच्यात भाकरी-मीठ झालंय. काढायचं तर मलाही काढा." बाई म्हणाल्या, "काढते. उद्या दोघींच्या कागदावर सही करणार. हे खूळ हिला शिकवलं कोणी?"
मी छताकडे बघितलं.
रिफाईला अजून सांगितलेलं नाही. तो तर वाटच बघतोय. सुरी तयार, मासे तयार.

सोमवार, १४
पहाटे उठून तीन भाकऱ्या भरल्या. तिसरी घेऊन स्वतः गेले. बाईंच्या टेबलावर ठेवली, कागदांच्या वर. त्यांनी भाकरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खाल्ली तर सही होणार नाही, हे दोघींना ठाऊक. चहा निवला.
मग खाल्ली. म्हणाल्या, वांगं कमी आहे.
पोरी वर्गात गेल्या.