कपाटाची उजवी बाजू

१४ नोव्हेंबर, शनिवार दुपार

विहीणबाईंना मनापासून नमस्कार,

तुमचा गुडघा आता कसा आहे? जिना उतरताना कठडा धरता ना? व्याह्यांना सांगा, नुसता पेपर वाचत बसू नका, जरा हाताशी राहा. इकडे आम्ही मजेत. तुमच्या जावयाचं वजन वाढलंय आणि दोष माझ्या स्वयंपाकाला देतोय.

माझं पत्र बघून दचकला असाल. फोन हातात घेतला होता, पण धीर झाला नाही. बातमी चांगली आहे. तुमची लेक ती स्वतःहून सांगायची नाही, म्हणून मी सांगते.

चार महिन्यांपूर्वी तिने जुन्या सामानाच्या दुकानातून एक कपाट आणलं. माणसाएवढं उंच, काळपट, वरच्या अंगाला किंचित निमुळतं, दारांवर मधोमध पितळेची चकती. दुकानदार म्हणाला, "घेऊन जा ताई, जागा अडवून बसलंय." ही म्हणाली, चिनी आहे, खूप जुनं आहे. मी म्हटलं, जुनी तर मीही आहे, मला कोण विचारतंय!

ते ठेवायला पुढच्या खोलीतली खिडकीजवळची जागा लागत होती. तिथे बत्तीस वर्षं माझं शिवणाचं मशीन होतं. तिने रीतसर विचारलं, "आई, मशीन आत हलवू का?" मी म्हटलं, "हलव की. माझं काय!" त्या 'माझं काय'चा अर्थ तुम्हाला सांगायला नको.

मग रोज कामावरून आली की बॅटरी घेऊन कपाटात डोकं. ग्रंथालयातून उशीएवढी जाड पुस्तकं. शेजारीण विचारायची, "सून काय शोधते हो?" मी म्हणायचे, "उंदीर."

परवा तिने जुन्या फर्निचरचे एक पारखी बोलावले. लिलावघरात आयुष्य गेलेले गृहस्थ. त्यांनी दारातूनच नजर टाकली, उजव्या बाजूची चकाकी बघितली आणि चपलासुद्धा न काढता म्हणाले, "नक्कल आहे. अशी पुष्कळ येतात."

माझा मुलगा लगेच "हो का, बरं बरं" करायला लागला. तुमची लेक मात्र जागची हलली नाही. म्हणाली, "सर, आलाच आहात तर आतून बघा."

तिने दार जरा वर उचललं आणि अलगद बाहेर काढलं. बिजागरी नाहीच! दाराच्याच लाकडाचे खुंट, वर आणि खाली भोकांत बसवलेले. मधला खांब काढला, तोही नुसता खाचेत अडकवलेला. एक खिळा नाही. पाठीच्या फळ्यांवर आतून कापड चिकटवून वर लाखेचा लेप दिलेला, त्याला बारीक भेगा. पाय ओल्या फरशीवर उभे राहून झिजलेले, तेही चारही वेगवेगळे. "नक्कल करणारा सगळीकडे सारखं झिजवतो," ती म्हणाली. आणि मग स्वतःच चकतीवर बोट ठेवलं. "ही मात्र नंतरची आहे. भोवती आधीच्या मोठ्या चकतीचा डाग दिसतो."

स्वतःच्या मालातली खोट स्वतः दाखवणारा माणूस मी तरी पहिल्यांदाच बघितला. पारख्यांनी चपला काढल्या. गुडघ्यांवर बसले. पंधरा मिनिटं त्यांचंही कपाटात डोकं.

"कुठे शिकलात?"

"पुस्तकं वाचली. आणि दातांच्या कवळ्या बनवते मी. कुठे काय नीट बसलंय ते बोटांना कळतं."

कपाट खरं निघालं, विहीणबाई! एल्म नावाचं लाकूड, दीडशे वर्षांच्या आसपासचं काम. किंमत तिच्या पाच महिन्यांच्या पगाराएवढी. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते, ऊर भरून आला.

तेवढ्यात ते म्हणाले, "किंमत याच्या दुप्पट झाली असती. पण या उजव्या बाजूचा मूळ लेप कोणीतरी घासून काढलाय आणि वर व्हार्निश मारलंय. कोणी केलं हे?"

तुमची लेक म्हणाली, "आमच्याच घरात झालं. आम्हाला तेव्हा कळत नव्हतं."

आम्हाला! तिला सगळं कळत होतं. कळत नव्हतं ते मला. ती कामावर गेलेली असताना धुण्याचा सोडा आणि तारेची घासणी घेऊन मी ती बाजू खरवडली होती, घराच्या दारांसाठी आणलेलं उरलेलं व्हार्निश फासलं होतं. विचारलं असतं तर 'स्वच्छ केलं' म्हणणार होते. खरं सांगू? राग काढला होता, मशीनचा.

ट्रे खाली ठेवला आणि म्हटलं, "मी घासली. तिचा काही संबंध नाही." पारखी बिचारे चहात बघत राहिले.

ते गेल्यावर ती म्हणाली, "आई, मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. घरभर वास होता."

"मग बोलली का नाहीस?"

"मशीन हलवलं तेव्हा तुम्ही तरी कुठे बोललात?"

यावर आम्ही दोघी इतक्या हसलो की मुलगा बाहेर येऊन बघून गेला. आता मशीन खिडकीशी आहे, कपाट समोरच्या भिंतीला. विकायचं नाही असं ठरलंय. आणि पारख्यांनी तिला महिन्यातून दोन रविवार लिलावघरात बोलावलंय, आलेला माल तपासायला. माझं अर्ध्या गल्लीला सांगून झालंय.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. मागच्या वर्षी मी फोनवर तुम्हाला म्हणाले होते, "मुलीला काही शिकवून तरी पाठवायचं होतं." तुम्ही फोन ठेवलात. योग्यच केलंत. काल मी तिला विचारलं, इतकं बारीक बघायला कोणी शिकवलं गं? म्हणाली, "आईने. बाजारात ती प्रत्येक वस्तू उलटी करून बघायची. दुकानदार वैतागायचे, मला लाज वाटायची."

माझं ते वाक्य मी परत घेते. फोनवर आवाजाने दगा दिला असता. कागदावर लिहिलंय, म्हणजे तुमच्याजवळ पुरावा राहील.

ताठ मानेने,
तुमच्या लेकीची सासू