नीराबाईंचा अळणी नेम

कोपरखार, ता. अलिबाग
चैत्र वद्य ३, शके १८५२

ती. दादास सगुणाचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

इकडे सारे खुशाल आहोत, पण इतक्या गडबडीत की खुशाल म्हणायला सवड नाही. तुमच्या गिरगावात म्हणे रोज प्रभातफेऱ्या निघतात. आमच्या कोपरखारात एकट्या सासूबाईंचीच फेरी आहे, पण ती साऱ्या गावाला पुरते.

हनुमान जयंतीच्या कीर्तनात बुवांनी गुजराथेतल्या मिठाच्या सत्याग्रहाची हकिकत सांगितली. मीठ समुद्राने द्यायचे, उन्हाने वाळवायचे आणि कर मात्र सरकारने घ्यायचा, हे ऐकून सासूबाई घरी आल्या त्या थेट देवघरात शिरल्या. मला विचारू लागल्या, की नैवेद्याच्या पानात आपण मीठ का वाढत नाही. मी म्हटले, रीत आहे. तर म्हणाल्या, रीत कसली, देवाने सरकारी मीठ आधीच नाकारले आहे, आपणच मागे राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मिठाची बरणी माडाच्या बुंध्याशी रिकामी झाली. आता त्या जेवणात सैंधव घेतात. सैंधव उपासाला चालते म्हणजे ते देवाचे, असा त्यांचा हिशेब. पहाटे हातात टकळी आणि तोंडात विष्णुसहस्रनाम. सूत तुटले की तो श्लोक पुन्हा म्हणायचा. परवा एका श्लोकावर इतका वेळ अडल्या की चुलीवरची पेज करपली.

तू हसशील, पण आमचे घर कशावर चालते ते तुला ठाऊकच आहे. इकडच्या स्वारीची नोकरी मिठाच्या खात्यात, छातीवर पितळी बिल्ला, आणि काम काय तर किनाऱ्यावर कुणी चोरून मीठ काढू नये म्हणून पहारा. इकडच्या पानात वाढायला मी शेजारच्या हुस्नबानूकडून वाटीभर सरकारी मीठ मागून आणले आहे. मायलेक एका पंगतीला बसतात, एकमेकांशी अक्षर बोलत नाहीत, आणि वाढणारी मी मधल्यामध्ये घामाघूम होते.

सैंधव कुठून येते हे तुला ठाऊक असेल तर कळव. देवाच्या मिठाचे गाव कळले तर सासूबाईंना फार बरे वाटेल.

वहिनीस नमस्कार. आम्ही मीठ सोडले म्हणून तू लोभ सोडू नयेस, ही विनंती.

तुझी,
सगुणा

*

गिरगाव, मुंबई
चैत्र वद्य ९, शके १८५२

चि. सौ. सगुणा हीस बाबाजीचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. तुझ्या वहिनीला वाचून दाखवले, ती पोट धरून हसली. आता तू हसू नकोस. सैंधव पंजाबातल्या खाणींतून येते आणि त्या खाणी सरकारच्या आहेत. आपल्या मिठात निदान समुद्राचा वाटा असतो. सैंधव डोंगरातून निघाल्यापासून वाण्याच्या दुकानापर्यंत अवघे सरकारी. म्हणजे तुझ्या सासूबाई नीराबाई आगीतून निघाल्या त्या फुफाट्यात पडल्या. हे त्यांना सांगायचे की नाही ते तू ठरव. मला विचारशील तर सांगू नकोस.

थट्टा पुरे. इकडे सारे शहर जणू लग्नघर झाले आहे. माझ्यासारखा भित्रा माणूसही पहाटे उठून फेरीत गात सुटतो. गेल्या खेपेस खांद्यावर एक लाठी बसली. वहिनी हळदीचा लेप लावते आणि लावता लावता मला बोल लावते, दोन्ही मनापासून.

सदाशिवरावांना मात्र दोष देऊ नकोस. तिघांची पोटे त्यांच्या पगारावर आहेत. घोषणा करणे मला सोपे आहे, माझ्या छापखान्याच्या मालकाने स्वतःच गांधी टोपी घातली आहे. त्यांचे तसे नाही. आईचा नेम आणि घरची चूल यांच्यामध्ये जो उभा असतो त्याला फार कमी लोक विचारतात. तू विचारत जा.

प्रकृतीस जपावे आणि या भावावर माया ठेवावी.

तुझा,
बाबाजी

*

कोपरखार
चैत्र वद्य १४, शके १८५२

ती. दादास सगुणाचा नमस्कार, वि. वि.

सांगू नकोस म्हणालास, पण तुझी पत्रे सासूबाई मोठ्याने वाचून घेतात. मी भराभर वाचत गेले आणि सैंधवाचे वाक्य तोंडातून गेल्यावर माझे मलाच कळले. त्या उठल्या, उरलेले सैंधव त्याच माडाला घातले, आणि नेम बोलल्या. आपल्या किनाऱ्यावर आपल्या हातांनी केलेले मीठ अन्नात पडेपर्यंत त्या अळणी खाणार.

दादा, थट्टेचे दिवस गेले. ऊन मी म्हणते आहे आणि वय साठीचे. काल अंगण झाडताना त्यांना भोवळ आली. वैद्यबुवा म्हणतात, घामावाटे जाते ते मीठ पोटात गेलेच पाहिजे. इकडून धावत येऊन त्यांना पाणी पाजणे झाले. पाणी प्याल्या, पाठीवर हात ठेवू दिला, पण नेम सोडणार नाही म्हणाल्या. तू सांगितलेस म्हणून मी इकडे विचारले, की मनात काय आहे. उत्तर आले, की आईला अळणी खाताना बघवत नाही आणि तुम्हाला उपाशी बघवणार नाही.

आता पुढचे वाच आणि कुणाला सांगू नकोस. अक्षय्य तृतीयेला घरोघर पितरांच्या नावाने उदककुंभ देतात. जमावाला बंदी आहे, पण त्या दिवशी बायकांच्या डोक्यावरच्या मडक्याला बंदी कोण करणार, असे सासूबाईंचे म्हणणे. उधाणाचे पाणी कातळाच्या खळग्यांत अडकून उन्हाने दाट होते. ते मडक्यांत भरायचे आणि हुस्नबानूच्या नारळीच्या वाडीत उकळायचे. ती म्हणाली, वाडी माझी, चूल माझी, कोण येतंय ते बघू.

आणि त्याच दिवशी त्याच कातळावर इकडचा पहारा लागला आहे. अलिबागेहून साहेब येणार आहेत. मडकी फोडली तर आई हातची जाईल, न फोडली तर नोकरी जाईल आणि वर कैद. हे सारे कळूनही मी एक मडके रंगवून ठेवले आहे, माझ्यासाठी. भीती वाटते आणि पाय घरात ठरत नाहीत.

आशीर्वाद पाठव, तो टपालाच्या आधी पोचेल.

सगुणा

*

कोपरखार
वैशाख शुद्ध ४, शके १८५२

ती. दादास सगुणाचा नमस्कार, वि. वि.

घाईत लिहिते आहे, अक्षर सांभाळून घे.

काल सकाळी आम्ही वीसेक बायका सहस्रनाम म्हणत वाडीतून कातळावर उतरलो. मडक्यांना गंधाची बोटे, वर तुळशीचे पान. सासूबाईंनी मामंजींच्या नावाने संकल्प सोडून मडके भरले. साहेब हसून म्हणाले, की मेलेल्या माणसाला खारे पाणी देता का. त्यावर त्या म्हणाल्या, की त्यांचा जन्म गलबतावर गेला, त्यांना हेच पाणी ओळखीचे आहे.

साहेबांनी पहिले मडके फोडायला सांगितले ते इकडच्या स्वारीलाच. सासूबाईंनी मडके खाली ठेवले आणि दोन पावले मागे सरल्या, लेकाला अडचण नको म्हणून. इकडची काठी वर गेली आणि तिथेच राहिली. मग काठी खाली ठेवून बिल्ला काढला, तो तिच्यावर ठेवला, आणि हात मागे बांधून उभे राहणे झाले. दादा, आजवर मी या माणसाला मुकाट समजत होते.

साहेबांनी दुसऱ्या शिपायाला, भागोजीला, पुढे केले. तो पोटासाठी हाय गो बाय, पोटासाठी हाय, असे म्हणत एकेक मडके फोडत गेला. माझेही फोडले. मग साहेब इकडच्या स्वारीला घेऊन अलिबागेस गेले आणि भागोजीला पहाऱ्यावर ठेवले.

आम्ही उठलो नाही. तापल्या काळ्या कातळावर पाणी पसरले होते, त्याच्या कडेला बसून नामे घेत राहिलो. दुपार कलली तशी हुस्नबानू ओरडली. कातळ पांढरा पडत होता, कुणी रांगोळी पसरल्यासारखा. उकळायला लाकडे लागली असती, ती साहेबांनी वाचवली. आम्ही शिंपल्यांनी मीठ खरवडू लागलो. हसावे की रडावे ते कुणालाच कळेना. भागोजी समुद्राकडे तोंड करून उभा होता, तो शेवटपर्यंत वळला नाही.

मूठभर निघाले. सासूबाईंनी त्यातला कणही जिभेवर ठेवलेला नाही. उद्या बैलगाडीने अलिबागेस जाऊन आधी लेकाला जेवू घालणार म्हणतात. मी त्यांच्याबरोबर जाते आहे.

आज मला कशाचीच भीती वाटत नाही. तुझ्या बहिणीचा अभिमान धरावा.

सगुणा

*

अलिबाग
वैशाख शुद्ध ६, शके १८५२

रा. रा. बाबाजीराव यांस सदाशिवचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

इथल्या एका ओळखीच्या कारकुनाने कागद दिला म्हणून लिहितो. मला पत्र लिहायची सवय नाही. नोकरी गेली. शिक्षा किती ते अजून ठरलेले नाही. घराची तजवीज माझ्या मनात आहे, तरी मधल्या काळात सगुणेकडे लक्ष असू द्यावे.

तिला वाटते मी फार धीट झालो. तसे नाही. मी फोडायलाच गेलो होतो. काठी उचलली तेव्हा मडक्यावरचे गंध दिसले आणि आईने घेतलेले बाबांचे नाव कानात होते. बाबा गेले तेव्हा चितेभोवती फिरून खांद्यावरचे मडके मीच फोडले होते. लेकाला ते एकदा करावे लागते. दुसऱ्यांदा करा असा हुकूम कोणाचाच चालत नाही. एवढेच झाले, यात देशभक्ती किती ते तुम्ही शिकलेल्यांनी ठरवावे.

काल सगुणेबरोबर आई कासंडीत पेज घेऊन आली. पहाऱ्यावरच्या माणसाने आत येऊ दिले. मी जेवेपर्यंत तिने अन्नाला हात लावला नाही. मग उरलेल्या पेजेचा पहिला घोट घेऊन ती डोळे मिटून बसली, आणि गालांवरून पाणी ओघळले तरी पुसले नाही. मलाही आवरले नाही.

इतके दिवस अळणी खाऊन तिच्या हाताचा अंदाज गेला आहे. पेज अशी खारट होती की जीभ सोलली. मी जेवत असतानाच तिने विचारले, मीठ कसे पडले आहे. मी बेताचे आहे म्हणून सांगितले आणि दोनदा मागून घेतली. तुम्ही तिला भेटाल तेव्हा एवढे सांभाळून घ्यावे आणि आमच्यावरचा स्नेह असाच राहू द्यावा.

आपला,
सदाशिव