डाव्या चाकाची कुरकुर

४ ऑक्टोबर

गाडी कण्हते! शब्द माझा नाही, सासूबाईंचा. दवाखान्याच्या फाटकाशी गाडी वळवली आणि पुढच्या डाव्या चाकातून आधी कर्र्र, मग टणं—ग! रखवालदार माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मीच ओरडलो. मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, गाडी कण्हतेय हो."

मी म्हटलं, "काही नाही आई, जुन्या गाड्यांना होतं असं." आव असा की जन्म गॅरेजात गेला! मी चष्मे विकतो.

गाडी हिची. ही गेली त्याला दुसरं वर्ष लागलं. गाडी राहिली, तिची आई राहिली, मी राहिलो. तिघांचंही सर्व्हिसिंग बाकी आहे.

५ ऑक्टोबर

मेव्हण्याचा फोन. "दाजी, आईला आता मी घेऊन जातो. मुलगा असताना तिने जावयाकडे किती दिवस काढायचे? बरं दिसत नाही."

"बरोबर आहे तुझं," मी म्हटलं. माझं हे नेहमीचंच. समोरचा बोलला की तो बरोबर असतो.

सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांना सांगितलं. "बरं," म्हणाल्या. मीही "बरं" म्हटलं. दोन 'बरं'मध्ये विषय मिटला.

वर आगाऊपणा केलाच. मेव्हण्याला उलट फोन करून सांगितलं, तू येऊ नकोस, मीच आणून सोडतो. पण आधी आवाज काढतो गाडीचा. आईंच्या कमरेला त्या रस्त्याचे धक्के सोसायचे नाहीत.

कोणी विचारलं होतं मला?

७ ऑक्टोबर

मेकॅनिककडे गेलो. त्याने बॉनेट दोनदा दाबलं, चाकाला लाथ मारली, कान खाजवला. म्हणाला, "साहेब, या गाड्यांना आवाज येतोच. रेडिओ लावा."

८ ऑक्टोबर

आता स्वतःच करायचं ठरवलं. दिवसभर मोबाइलवर वाचलं. पुढच्या चाकाची स्प्रिंग उभी असते, तिच्या डोक्यावर माउंट— म्हणजे रबर आणि लोखंडाची टोपीच म्हणा— आणि त्यात एक बेअरिंग. चाक वळलं की स्प्रिंगनेही त्याच्याबरोबर फिरायचं. पण बेअरिंग अडकलं की ती फिरत नाही, पीळ खाते, आणि पीळ असह्य झाला की एकदम सुटते. टणं—ग!

दुपारी दुकानात एका बाईंना हे सगळं नीट समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला वाचायचा चष्मा हवाय."

माउंट मागवले. साधे मिळत होते. पण शेजारीच 'सुधारित, अधिक मजबूत' असे चकचकीत निळे दिसले, आणि चित्रात शर्यतीची गाडी. माझ्या वयाला आणि पोटाला शोभत नाही हे कळत होतं. तरी बोट दाबलं गेलंच.

९ ऑक्टोबर

खात्री करून घ्यायची होती. मी चाकाशी उकिडवा बसून स्प्रिंगवर हात ठेवायचा आणि कोणीतरी स्टीअरिंग फिरवायचं. कोणीतरी म्हणजे घरात आहे कोण!

सासूबाई ड्रायव्हरच्या सीटवर आयुष्यात पहिल्यांदा बसल्या. चप्पल बाहेर काढून!

"आई, डावीकडे फिरवा."

"कोणाच्या डावीकडे? तुमच्या की माझ्या?"

मी त्यांच्याकडे तोंड करून बसलो होतो. खरंच, दोन डाव्या होत्या.

त्यांनी फिरवलं. स्प्रिंग हाताखाली थरथरली, अडली, आणि फाडकन चापट मारल्यासारखी सुटली. मी ओरडलो, "सापडलं!" सासूबाईंनी घाबरून हॉर्न दाबला. गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. त्यांनी सगळ्या खिडक्यांना सांगितलं, "काही नाही, काही नाही, सापडलं!"

खूप दिवसांनी त्या हसल्या. मीही.

१३ ऑक्टोबर

निळे माउंट आले. माझ्या हाताला सवय चष्म्याच्या स्क्रूची, जो खाली पडला की आठवडाभर सापडत नाही. इथला नट मुठीएवढा आणि माझ्याहून हट्टी. पान्याला पाइप लावून त्याच्यावर लोंबकळलो तेव्हा सुटला— आणि मीही!

स्प्रिंग दाबायचं यंत्र मेकॅनिककडून आणलं. देताना तो म्हणाला, "साहेब, दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस उरत नाही. समोर उभं राहायचं नाही." "माहीत आहे," मी म्हटलं. आवाज चिरका निघाला.

सासूबाई अंगणात खुर्ची टाकून बसल्या. दर मिनिटाला, "तोंड बाजूला घ्या. बाजूला म्हणते ना!" इतक्या हक्काने मला ही गेल्यापासून कोणी ओरडलं नव्हतं.

१५ ऑक्टोबर

बसवले. दोघं चक्कर मारायला निघालो. कोपऱ्यावर पहिला खड्डा आला आणि माझे दात एकमेकांवर आपटले. ते निळे माउंट इतके मजबूत की रस्त्यावरचा खडान् खडा थेट मणक्यात पोचतो. शिवाय चाक वळवलं की खालून नवीनच टिक्! टिक्!

घरी पोचल्यावर सासूबाईंनी कमरेला हात लावला. उतरताना म्हणाल्या, "कण्हणं थांबलं बाई. आता शिव्या देतेय."

हात दाखवून अवलक्षण! आईंची कमर वाचवायला निघालेला मी.

१६ ऑक्टोबर

साधे रबरी माउंट मागवले. मुकाट्याने.

१९ ऑक्टोबर

माउंट आले. खोकं कपाटाजवळ ठेवलंय.

२२ ऑक्टोबर

मेव्हण्याचा फोन. "दाजी, झालं का?" "चाललंय," म्हटलं.

काय चाललंय? खोकं जिथल्या तिथे आहे. दुकानात गर्दी आहे, पाठ धरलीय, बारा-चौदाचा पाना सापडत नाही. पाना माझ्या खिशात असतो.

सकाळी सासूबाईंनी खोक्यावरची धूळ पुसली. त्याच्याखालूनही झाडलं. खोकं परत तिथेच ठेवलं.

आम्ही दोघं हिच्याबद्दल बोलत नाही. एकदाही नाही. एकाने सुरू केलं तर दुसऱ्याचं काय होईल, ही भीती. पण गाडीबद्दल बोलतो. गेले पंधरा दिवस तेवढंच बोलतोय. "तिला उजवीकडे वळताना त्रास होतो का?" "ती थंडीत लवकर सुरू व्हायची नाही." गाडी हिचीच असल्यामुळे चालून जातं.

आता नीट झाली की बोलायचं काय? आणि कोणाशी?

२४ ऑक्टोबर

सासूबाईच म्हणाल्या, "करून टाका जावईबापू. तो वाट बघतोय." करून टाकलं.

निळे काढले, रबरी बसवले, बेअरिंग नवं. आणि शिव्यांचं मूळ सापडलं— मीच! स्प्रिंगचं खालचं टोक बसायला एक खाच असते. मागच्या वेळी मी ते बोटभर बाहेरच ठेवलं होतं. दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मा नीट बसवतो, आणि अंगठ्याएवढ्या जाड तारेचं टोक मला खाचेत बसवता आलं नाही! या खेपेला रबरी नळीची कापलेली पट्टी त्या टोकावर चढवली, खाचेत नेमकी बसवली, दोनदा बोट फिरवून पाहिलं.

सासूबाई पुन्हा चप्पल काढून आत बसल्या. स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं.

"काही येतोय का?"

"नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही, आई."

त्यांनी आणखी एकदा स्टीअरिंग फिरवून पाहिलं. मी पाने पुसत राहिलो. पुसलेले परत पुसले.

२५ ऑक्टोबर

चाकांचं अलाइनमेंट करून आणलं. आता काहीच काम उरलं नाही.

२६ ऑक्टोबर

सोडून आलो.

रस्ताभर गाडी अशी चालली की मला माझाच अभिमान वाटावा. ना कर्र, ना टिक्. इतकी शांतता की दोघांचा श्वास ऐकू येत होता. सासूबाई पहिल्यांदाच पुढे, माझ्या शेजारी बसल्या होत्या. अर्ध्या वाटेत म्हणाल्या, "तिला असं गप्प बसणं कधी जमलं नाही."

आता हे गाडीबद्दल की हिच्याबद्दल, मी विचारलं नाही. मला समोरचं नीट दिसेना. काच स्वच्छ होती. गाडी बाजूला घेतली, म्हटलं, "चाक बघतो." उतरलो, चाक बघितलं. बराच वेळ बघितलं. परत आलो तर सासूबाईही डोळे पुसत होत्या. म्हणाल्या, "ठीक आहे ना चाक?" "ठीक आहे."

मेव्हण्याने आग्रह केला, त्याच्या बायकोने आईंची खोली दाखवली— उजेड चांगला येतो. त्यांच्या मनात काही खोट नाही. निघताना एकच वाक्य तोंडाशी आलं होतं— आई, राहा ना माझ्याकडेच. प्रत्यक्षात म्हटलं, "टायरमधली हवा बघतो आणि निघतो."

येताना रेडिओ लावला.

२८ ऑक्टोबर

दुकानात तिघा गिऱ्हाइकांना सांगितलं, माझी गाडी आता अजिबात आवाज करत नाही. कोणी अभिनंदन केलं नाही. घरही अजिबात आवाज करत नाही.

१ नोव्हेंबर

सकाळी दारात मेव्हण्याची गाडी. आधी सासूबाई उतरल्या, मागून तो, त्यांची बॅग घेऊन. चेहरा रडवेला. "दाजी, आई म्हणते माझ्या गाडीतून आवाज येतोय. तुम्हालाच दाखवायची म्हणून हट्ट धरून बसली. जरा बघा हो. नवीन गाडी आहे!"

स्टीअरिंग फिरवलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. कान लावून ऐकलं. काही म्हणता काही नाही.

सासूबाई माझ्याकडे न बघता उंबऱ्यात चप्पल काढत होत्या.

"माउंट गेलेत," मी म्हटलं. "तू एकटा जा हळूहळू. आईंना मात्र या गाडीत पुन्हा बसवायचं नाही."