कचरा वगळणारं बटण

४ फेब्रुवारी

यंत्र आलं. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘नवशिक्यांसाठी’—अपमान! दुकानातलं सगळ्यात स्वस्त घेतलं म्हणून काय झालं? धातू शोधल्याशी कारण.

निवृत्त झाल्यापासून हे खुर्चीला चिकटलेत. गेल्या आठवड्यात मीच ढकलून बागेत फिरायला धाडलं, तर लग्नातली अंगठी गवतात घालवून आले. ‘बोट बारीक झालंय गं.’ बोट नव्हे, लक्ष!

५ फेब्रुवारी

यंत्र अखंड कोकलत होतं. क्षणभर वाटलं, अख्खी बाग सोन्याची आहे. माझ्याच बुटांत लोखंडी पट्टी निघाली. उद्यापासून रबरी चपला.

७ फेब्रुवारी

लोकांना उद्योग नाही. एकीने विचारलं, ‘पाइप गळतोय का?’ एक आजोबा तर हात वर करून समोरच उभे राहिले—‘घ्या तपासून!’ घेतले. वाजले. ‘नवा गुडघा,’ म्हणाले. काय तो अभिमान!

८ फेब्रुवारी

यंत्राला कचरा वगळायचं बटण आहे. शेवटपर्यंत फिरवलं. खिळे, झाकणं, चंदेरी कागद—सगळे गप्प. असं बटण घरात हवं होतं. हे बाकावर पेपर वाचत बसले. बाहेर पडले, हेही नसे थोडके.

१२ फेब्रुवारी

इतकी शांतता बरी नव्हे. संशय आला म्हणून माझी अंगठी गवतावर ठेवून वरून यंत्र फिरवलं. हूं की चूं नाही! म्हणजे सोनं आणि चंदेरी कागद याला सारखेच. अर्धी बाग ‘झाली’ म्हणून मी सोडून दिली होती. भौतिकशास्त्राची पदवी आणि ही अक्कल!

हे बाकावर पोट धरून हसले. कित्येक महिन्यांनी.

१३ फेब्रुवारी

बटण परत शून्यावर. सगळं पहिल्यापासून. मी यंत्र फिरवायचं, यांनी खुरप्याने उकरायचं. ‘झाकण!’ ‘खिळा!’ ‘झाकण!’—लिलाव पुकारल्यासारखे ओरडतात. पहारेकरी म्हणाला, ‘साहेब, खड्डे बुजवा हं.’ यांनी बुजवून वर गवत थापटलं. घरी स्वतःचा कप उचलत नाहीत!

बजावून ठेवलंय—अंगठी मिळाली की यंत्र माळ्यावर, आणि ही पायपीट बंद.

१९ फेब्रुवारी

हल्ली माझ्याआधी तयार असतात. शीळ घालत! आज एकदा ‘झाकण’ म्हणाले आणि पिशवीऐवजी कोटाच्या खिशात टाकलं. ‘अहो, कचरा पिशवीत!’ ‘असू दे गं.’ वय झालं, दुसरं काय.

२३ फेब्रुवारी

बॅटरी बदलली. चालतंय का पाहत होते, तर खुंटीवरच्या कोटापाशी यंत्र किंचाळलं. यांचा कोट. खिशात रुमाल, रुमालाला गाठ, गाठीत अंगठी. आत कोरलेल्या माझ्या नावात अजून माती.

खरडपट्टी काढणारच होते. तोंड उघडलं, तोच आतून आवाज—‘अगं, उद्या तळ्याकडची बाजू घेऊ या का? तिकडे आपण पाहिलंच नाही.’

गाठ होती तशी बांधून ठेवली.

२४ फेब्रुवारी

तळ्याकडची बाजू. काही मिळालं नाही. अजून पुष्कळ जागा आहे.