मजुरीची ओळ

नाशिक, २० जानेवारी २०२५

चि. चैतालीस,
आप्पाचे अनेक आशीर्वाद व जयभीम.

काल रविवारी तुझा ‘गंजाला रामराम’ कार्यक्रम आम्ही गाळ्यावर बसून पाहिला. शेजारच्या महेशने इंजिनाचं काम अर्धं टाकून त्याच्या गॅरेजातला टीव्ही उचलून आणला. तुझी आई डबा घेऊन आली होती, तीही थांबली. आवाज बंदच ठेवला. तीस वर्षं पत्रा ठोकून माझे कान गेले ते गेले, आता मला ऐकू येईल एवढा आवाज केला तर आख्खी लाईन भांडायला येते. म्हणून मी नुसता पाहतो. फोनवरही तुझं काही कळत नाही आणि त्यावर टाइप करायला माझा अंगठा मोठा पडतो, म्हणून हे पत्र.

तुमच्या कार्यक्रमातला डेंटर हातोडी अशी धरतो, की जणू पंगतीत वरण वाढतोय. त्याला माझ्याकडे आठ दिवस पाठव. पण गाडी झाली मात्र झकास. शेवटी हिशेबाची पाटी आली ती मी नीट वाचली. गाडी घेतली ७०,०००. सुटे भाग ४८,०००. रंग १८,०००. इतर ९,०००. विकली ३,६०,०००. नफा २,१५,०००. महेशने फोटो काढून ठेवला. मग खाली नावं सरकली, त्यात तुझं नाव आलं तेव्हा आईने पदर डोळ्याला लावला. तुझ्या पदवीची तसबीर गाळ्यात जिथे टांगली आहे तिच्याच खाली टीव्ही ठेवला होता. आपल्या घरात छापलेलं नाव आजवर लग्नपत्रिकेतच आलं होतं.

काम सध्या कमी आहे. विम्याच्या गाड्या सगळ्या शोरूमला जातात, आमच्याकडे रिक्षा आणि पंचवटीतले भाजीचे टेम्पो. त्यात गाळामालकाने सांगितलं आहे की मेअखेरपर्यंत अनामत दोन लाख करा, नाहीतर गाळा मोकळा करा. माझ्याजवळ दीड आहेत. बघू.

एक विचारायचं होतं. ती पाटी तूच लिहितेस ना?

तब्येतीला जप. पत्राला उशीर करू नको, म्हातारा पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून असतो.
तुझा,
आप्पा

---

पुणे, २७ जानेवारी २०२५

ती. आप्पांना,
चैतालीचा सविनय जयभीम, वि. वि.

पत्र मिळालं. ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं. वरण वाढण्याचं ऐकून तो डेंटर स्वतःच हसला. तो मुळात नट आहे, आप्पा. खरे कारागीर कॅमेऱ्याच्या मागे असतात.

हो, पाटी मीच लिहिते. बिलं माझ्याकडे येतात, मी ती तपासते, बेरीज दोनदा करते आणि मगच आकडा टाकते. बिलाशिवाय एकही आकडा मी लिहीत नाही. बी.कॉम.ला असताना मला वाटायचं, हिशेब म्हणजे नुसती नोकरी. आता वाटतं, लोकांसमोर खरा हिशेब मांडणं हे चांगलं काम आहे. तुमच्यासारख्या कारागिराला कळायला हवं की आपल्या हाताची किंमत बाजारात किती मोठी आहे.

अनामतीची काळजी करू नका, काहीतरी मार्ग निघेल. आईला सांगा, थंडीत पहाटे धुणं काढू नकोस.

तुमचा आशीर्वाद पाठीशी आहेच, तो तसाच जवळ राहू द्या.
तुमची,
चैताली

---

नाशिक, ११ फेब्रुवारी २०२५

चि. चैतालीस,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

तुझं पत्र महेशला दाखवलं आणि त्याच दिवशी निर्णय घेतला. सुरगाण्याहून एक जीप आणली आहे. वीस वर्षं घाटात काळी-पिवळी म्हणून चालली, आता शाळेमागे बेवारशी उभी होती. बासष्ट हजारांत ठरली. महेश म्हणाला थोडं थांबू, पण मी त्याला सांगितलं की पाटी माझ्या मुलीने लिहिली आहे, तिच्या हातून खोटा आकडा पडणार नाही.

तुमच्या गाडीपेक्षा हिचा पत्रा जाड आहे. अडीच लाखाला गेली तरी अनामत भागते आणि वर आईच्या हातात काही ठेवता येतं. बाहेरची कामं सध्या घेत नाही, सगळं लक्ष हिच्यावरच. आज फ्लोअर कापला. खालून जमीन दिसते, आई म्हणाली ही जीप आहे की मोरी.

बावीस वर्षं त्या गाळ्यात काढली. तो गेला तर या वयात दुसऱ्याच्या दारात हातोडी घेऊन उभं राहायचं, ते मला जमायचं नाही. म्हणून हे धाडस.

आमची आठवण पातळ होऊ देऊ नको.
आप्पा

---

पुणे, १७ फेब्रुवारी २०२५

ती. आप्पांना,
सविनय जयभीम, वि. वि.

आप्पा, हे पत्र पूर्ण वाचा आणि वाचून होईपर्यंत हातोडी खाली ठेवा.

मी लिहिलेला एकही आकडा खोटा नाही. पण ज्याचं बिल माझ्याकडे आलं नाही, त्याची ओळच पाटीवर नाही. तुमचं पत्र आल्यावर मी पहिल्यांदा विचारलं, की मजुरीचं बिल कुठे आहे. त्या गाडीवर चार कारागीर एक्केचाळीस दिवस राबले. त्यांची मजुरी रंगाच्या कंपनीने दिली, जाहिरातीपोटी. रंगाचे १८,००० म्हणजे नुसत्या डब्यांचे, तेही सवलतीत. सुटे भाग अर्धे फुकट आले होते.

आणि गाडी विकलीच गेलेली नाही. तीन लाख साठ हजार हा अंदाज आहे. निर्मात्यांच्या मेव्हण्याचा गिऱ्हाईक म्हणून हात हलवत गाडी घेऊन जातानाचा देखावा घेतला, एवढंच. मी काल स्टुडिओमागे जाऊन पाहिलं. गाडी तिथेच ताडपत्रीखाली उभी आहे. तिच्यावर मांजर व्यायली आहे.

हे सगळं कार्यक्रमात सांगतात, आप्पा. पाटी पडद्यावर असते तेव्हा निवेदक एका दमात म्हणतो, की मजुरी व साहित्य प्रायोजकांच्या सौजन्याने, विक्रीची किंमत अंदाजे. लिहून दाखवत नाहीत, कारण त्याने पडदा भरतो. फक्त बोलतात.

तुम्हाला ऐकू येत नाही हे मला माहीत होतं. तुम्ही आवाज बंद ठेवून पाहता हे तुम्ही मला लिहिलं होतं. तरी तुम्ही पाटीबद्दल विचारलंत तेव्हा मी स्वतःचं कौतुक लिहून पाठवलं. निवेदकाचं तेवढं एक वाक्य मी लिहायला हवं होतं.

स्वतःची मजुरी धरून बघा, आणि जीप आहे त्या स्थितीत विकून टाका. दहा-पंधरा हजार गेले तरी जाऊ देत. एवढं ऐका.

मला क्षमा करा, आणि रागावलात तरी उत्तर लिहा.
चैताली

---

नाशिक, ९ मार्च २०२५

चि. चैतालीस,
आशीर्वाद व जयभीम.

रागावलो नाही. उत्तराला उशीर झाला, कारण हाताला प्राइमर होता.

कापलेली जीप कोण घेतो? भंगारवाला वीस हजार म्हणाला. आता पुढे जाण्यावाचून रस्ता नाही. तुझ्यासारखी पाटी मीही केली आहे, गाळ्याच्या भिंतीवर खडूने. जीप ६२,०००. फ्लोअरचा पत्रा ११,०००. टायर २२,०००. सीट आणि हूड १६,०००. थकलेला कर आणि कागद १९,५००, हे तुमच्या पाटीवर कुठेच नव्हतं. इंजिनाचे महेशला ३८,००० द्यायचे आहेत, तो विकल्यावर घेईन म्हणाला. रंगाचे २७,००० होतील, तेही उधार. रंगवाला तुमच्या कार्यक्रमाचं नाव काढताच हसला.

तू मजुरी धरा म्हणतेस. घरच्या माणसाची मजुरी कोण धरतो? शेतात धरत नाहीत, चुलीपाशी धरत नाहीत. तुझ्या कॉलेजच्या फीचा हिशेब करतानाही मी माझे दिवस धरले नव्हते. धरले असते तर फी परवडली नसती. आता तू म्हणालीस म्हणून खडूने रोज एक रेघ मारतो. पहिल्या दिवसापासूनच्या धरून आज एकोणतिसावी.

तू मनाला लावून घेऊ नको. वाचलं मी, ऐकलं नाही, यात तुझा काय दोष.

माया कमी करू नको.
आप्पा

ता. क. चैतू, मी आई लिहिते. हे तोंडाला नुसता ओला रुमाल बांधून रंग मारतात. खोकला थांबत नाही. मास्क आणा म्हटलं तर म्हणतात तो पण हिशेबात धरावा लागेल. तू सांग.

---

पुणे, १४ मे २०२५

ती. आप्पांना,
सविनय जयभीम, वि. वि.

मास्क वापरता हे आईने फोनवर सांगितलं. खोकला कमी आहे असंही म्हणाली, पण मागून तुमचा आवाज येत होता.

एप्रिलभर जमलं नाही लिहायला. चौदा एप्रिलला घरी यायचं ठरवलं होतं, तेही राहिलं. मी निर्मात्यांना तीनदा भेटले. म्हटलं, मजुरीची एक ओळ टाकू, पडदा त्याने भरत नाही. ते चांगल्या शब्दांत म्हणाले, की नफा बघायला लोक थांबतात, मजुरी बघायला कोण थांबेल. मी म्हटलं, माझे वडील थांबतील. त्यांना तो विनोद वाटला.

बाकी माझं बरं चाललं आहे. कामाचं स्वरूप थोडं बदललं आहे, त्यामुळे सकाळची घाई नसते. खोली बदलते आहे. पुढचं पत्र मैत्रिणीच्या, निकिताच्या पत्त्यावर टाका, तो मागे लिहिला आहे. आईच्या खात्यावर चार हजार टाकले आहेत, या महिन्यात एवढेच जमले.

जीप विकली गेली का? कितीला गेली ते खरं कळवा. मी घाबरणार नाही.

तुमच्या पायाशी जागा आहे तशीच राहू द्या.
चैताली

---

नाशिक, २ जून २०२५

चि. चैतालीस,
आप्पाचे अनेक आशीर्वाद व जयभीम.

जीप शनिवारी, मेच्या शेवटच्या दिवशी गेली. लासलगावच्या कांदा व्यापाऱ्याचा मुलगा शेखर, त्याला शेतावर हौसेला हवी होती. पावणेदोन तास जीपभोवती फिरला. पत्र्यावर हात फिरवून म्हणाला की काका, असं काम आता बघायला मिळत नाही. मी दोन लाख पंचवीस सांगितले. त्याने खिशातून फोन काढला आणि माझ्या डोळ्यांसमोर धरला. तुझी पाटी होती. जानेवारीतली. रंग १८,०००, सुटे भाग ४८,०००. मोठ्या अक्षरांत विचारलं त्याने, मला ऐकू येत नाही म्हणून टाइप करून, की काका, टीव्हीवाल्यांना एवढ्यात होतं, तुम्हाला जास्त का लागले?

मी त्याला सांगितलं नाही, की ही पाटी माझ्या मुलीने लिहिली. महेश सांगणार होता, मी त्याचा हात दाबला.

एक लाख चाळीसला दिली. लिलावात वाढलेला माणूस तो, संध्याकाळी मला गाळा सोडायचा आहे हे त्याला दारातल्या आवराआवरीवरून कळलं होतं. माझे पंचावन्न हजार पाचशे गेले. महेशचे आणि रंगवाल्याचे दिले, उरले त्यात दोन लाखांची अनामत कुठून. कंप्रेसर गाळामालकालाच विकला. किल्ली त्याच्या हातात देताना त्याने चहा पाजला. तुझी तसबीर घरी आणली आहे. भिंतीवरच्या खडूच्या रेघा पुसल्या नाहीत. शहाऐंशी होत्या.

आजपासून अंबडच्या एका मोठ्या गॅरेजला लागलो. दिवसाला आठशे. तिथली पोरं मला काका म्हणतात आणि अवघड डेंट माझ्याकडे ढकलतात. संध्याकाळी सुपरवायझरने रजिस्टरमध्ये माझं नाव लिहिलं, पुढे ‘मजुरी’ लिहिलं, आणि सही घेतली. बावीस वर्षांत पहिल्यांदा कोणी ती ओळ लिहिली. मला बरं वाटलं की वाईट, ते अजून कळलं नाही.

आता तुझं. चार मेचा कार्यक्रम मी पाहिला, आवाज बंद करून, नेहमीसारखा. पाटी आली. इतरच्या खाली एक ओळ होती. ‘मजुरी: चार माणसे, अडतीस दिवस, १,३६,८००.’ आणि त्याखाली नफ्याच्या जागी ‘तोटा’. मी महेशला हाक मारली, तो येईपर्यंत पाटी गेली होती. त्याला पटेना. आई म्हणाली, तुम्हाला भास झाला.

अकरा तारखेला सगळ्यांना बसवून पुन्हा पाहिला. ओळ नव्हती. नफा परत आला होता. नंतर नावं सरकली, ती मी शेवटपर्यंत वाचली. दुसऱ्या रविवारीही वाचली. तुझं नाव नव्हतं.

मग तुझं पत्र आलं, की कामाचं स्वरूप थोडं बदललं आहे.

चैताली, मला ऐकू येत नाही, पण वाचता येतं. आईला मी अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतं तू नव्या खोलीत गेलीस. तुझ्या त्या चार हजारांना तिने हात लावलेला नाही, ते तिकिटाला वापर आणि घरी ये. तसबीर कुठे लावायची ते आल्यावर तू ठरव, तोवर मी खिळा ठोकलेला नाही.

वाट पाहणारा,
आप्पा