प्लास्टरचा महिना आणि मोबाइलमधली बाग

३१ मे, संध्याकाळ

आज पायाचं प्लास्टर निघालं. महिनाभर खाटेवर पडून केलं काय, तर मालिका बघितल्या आणि लेकीने मोबाइलवर घालून दिलेला बागेचा खेळ खेळले. या वयात! त्यात आंब्याची कलमं लावली. फळ चौदा आणे, म्हणजे झाडावरच जवळजवळ पुरतं तयार झाल्याशिवाय उतरवायचं नाही, ही आमची सवय. म्हणून थांबले, तर खेळातले आंबे कुजलेच. तिथे फळ दिसलं की लगेच काढायचं असतं म्हणे. आमचे हे किती हसले! यंदा घरात हसण्याजोगं तेवढंच झालं. मोहोर करपला, आमच्या बागेत पेटीभरसुद्धा आंबा नाही. तरी हे रोज बागेत जात. तिन्हीसांजेला येऊन, हातपाय धुऊन माझ्या शेजारी बसत आणि विचारत, "झाले काय गो चौदा आणे?" मला वाटायचं, माझं मन रमावं म्हणून विचारतात. तसंच होतं ना?

मघाशी म्हटलं, "आता हिंडाफिरायला लागेन, हा खेळ काढून टाकते."

ह्यांनी मोबाइल माझ्या हातातून घेतला, चष्मा लावला.

"राहू दे गो. यंदा तिथे तरी धरलाय आंबा."